आमवात आणि दारातली घोडी: वाईट दिवसाची व्यवस्था

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही चोपडा तालुक्यातल्या. वडील गेले आणि त्यांची 11 वर्षांची कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) मारवाडी घोडी तुमच्या दारात आली. त्याच सुमारास तुम्हाला आमवात निघाला, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत बोटं मिटत नाहीत, मनगटं सुजतात. आठवड्यातून एकदा या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी घेता आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं. नवरा शिक्षक, मुलं लहान. सगळा गोतावळा एकच सांगतो, ‘घोडी इकी टाक’. तुम्ही विचारलंय की सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात ती विकावी, की ठेवता येईल, आणि ठेवली तर तुमच्या हातांनी तिचं सगळं व्हावं कसं.

मी शहादा तालुक्यातला. आमच्या घरी आजोबांपासून घोड्या आहेत, आणि मलाही हाच आजार बरीच वर्षं आहे. आज दोन घोड्या दारात आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल पुढे जे येईल ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या. घोडीबद्दल जे येईल ते मात्र रोजच्या करण्यातलं आहे.

मला वाटतं, विकावी की ठेवावी हा प्रश्न थोडा मागे ठेवा. त्याच्या आधी येतो तो असा: तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी घोडीचं काय होतं? आपण सगळी व्यवस्था चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवून लावतो. सकाळी उठायचं, बादल्या भरायच्या, दाणा द्यायचा, खरारा करायचा म्हणजे तिचं अंग घासायचं, लीद काढायची. चांगल्या दिवशी हे जमतं. मग एक दिवस हात उठत नाहीत आणि त्या दिवशी सगळंच कोसळतं. घोडी उपाशी, आपण अपराधी, घरात वाद. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सगळी रचना वाईट दिवसाच्या मापाची करा. चांगल्या दिवशी जे जास्तीचं करता येईल ती तुमची आणि घोडीची चैन.

त्यासाठी घोडीची कामं दोन भागांत पाडून बघा. काही कामं एक दिवसही थांबत नाहीत: पाणी, चारा, थोडं हिंडणं-फिरणं आणि कोणीतरी तिच्याकडे नीट बघणं. खरारा, शेपटी विंचरणं, फेरफटका, रोजच्या रोज तबेला लख्ख झाडणं ही कामं दोन-चार दिवस थांबली तरी घोडीचं काही बिघडत नाही. तुमच्या वडिलांची शिस्त कडक असणार, म्हणून तुम्हाला हे पटायला जड जाईल. पण खरारा आठवडाभर चुकला तर घोडी मरत नाही, पाणी एक दुपार चुकलं तर चोपड्याच्या उन्हाळ्यात तिचं पोट धरू शकतं, म्हणजे पोटदुखी होऊ शकते.

सकाळपासून सुरुवात करू, कारण या आजाराची सगळ्यात वाईट वेळ तीच. आपल्याकडे समज असा, की घोड्याला पहाटे पाचला दाणा-चारा पडलाच पाहिजे. घोड्याला पहाट लागत नाही, नियमितपणा लागतो. त्याच्या पोटात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, खाणं असो वा नसो. म्हणून पोट तासन्‌तास रिकामं राहणं त्याला बाधतं, तेही नुसती वाट बघत ताटकळत उभं राहिलं तर जास्तच. मग उपाय सकाळी नाही, रात्री आहे. रात्री झोपण्याआधी, तुमचे हात सैल असतात तेव्हा, तिच्या चाऱ्याचा मोठा हिस्सा टाकायचा. 380 किलोच्या आसपासच्या घोडीला दिवसाला साधारण 7 ते 8 किलो कोरडं खाणं लागतं. त्यातला निम्मा चारा रात्री, बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगला, तर ती तो सावकाश ओढत पहाटेपर्यंत खाते. जाळी एवढ्या उंचीवर हवी की रिकामी होऊन लोंबली तरी तिचा पाय अडकणार नाही. अशी घोडी सकाळी नऊपर्यंत शांत उभी राहते. सकाळच्या दाण्याची वेळ एकदम बदलू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे सरकवा. महिना-दीड महिन्यात ती तुमच्या घड्याळावर येईल.

आमच्याकडे दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा मुख्य, तुमच्याकडेही तोच असणार. कुट्टी करून द्या, पण वास घेऊन बघा. कुबट वास आला, पांढरी-काळी बुरशी दिसली तर ती पेंढी घोडीला नको आणि तुम्ही ती हाताळूही नका. बुरशीची धूळ घोडीच्या छातीत बसते. आपली प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली असते, आणि हा आजार काही जणांच्या फुप्फुसावरही उतरतो. चाऱ्यावर पाण्याचा हलका शिपका मारून तो दिला की दोघींचंही भलं. झाडलोट दुसऱ्या कोणी करायची, आणि ती होत असताना तुम्ही व घोडी दोघींनी बाहेर असायचं. कोरडा खोकला किंवा चालताना धाप सुरू झाली तर हे डॉक्टरांच्या कानावर लगेच घाला, घोडीची धूळ आहे हेही सांगा.

नुसत्या कडब्यावर घोडी टिकत नाही. थोडा लसूण घास, थोडा भिजवलेला हरभरा किंवा ओट, आणि चाटायला मिठाचा खडा हवा. कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका, तिच्यात विष तयार झालेलं असू शकतं. गायी-म्हशींची सरकीही त्यांच्यापुरतीच ठेवा.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण आजारी माणसाच्या घोडीला नेमका याच ठिकाणी त्रास होतो. तुमचा आजार उसळला की घोडीचं फिरणं बंद होतं. पण घरातले तिच्या प्रेमापोटी दाणा तेवढाच चालू ठेवतात, उलट ‘बिचारी उभी आहे’ म्हणून मूठभर जास्तच घालतात. काम बंद आणि दाणा चालू, हे घोड्याला चालत नाही. अंगात रग चढते, पाय सुजतात, पोट धरतं, आणि पुढचे खूर आतून तापून घोडी जागची हलत नाही अशीही वेळ येते. त्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात, आणि एकदा झालेला तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून नियम असा ठेवा, की ज्या दिवशी घोडी उभी, त्या दिवसापासून दाणा निम्मा. चारा कमी करायचा नाही, फक्त दाणा. आणि ती पुन्हा कामाला लागली की दाणा हळूहळू, आठ-दहा दिवसांत पूर्ववत. हे भिंतीवर लिहून लावा, कारण त्या दिवशी दाणा घालणारा हात तुमचा नसेल.

पाण्याची बादली हा आपल्या मनगटांचा शत्रू. घोडी दिवसाला 25 ते 40 लिटर पिते, एप्रिल-मेच्या धगीत त्याहूनही जास्त. म्हणजे बादलीच्या हिशोबात हे तुमच्या हातांनी शक्यच नाही आणि करूही नये. सिमेंटची कुंडी तिच्या छातीच्या उंचीवर बसवा, टाकीवरून पाइप आणा, कुंडीला फ्लोटचा कॉक लावा. हा खर्च एकदाच होतो. सुटे पैसे असतील तर घोडीवर सगळ्यात आधी तिथेच घाला, नव्या खोगिरावर नको. कुंडी आठवड्याला घासायला माणूस लावा आणि ती सावलीत ठेवा, तापलेलं पाणी घोडी कमी पिते. फ्लोटच्या पाण्यात एक उणीव आहे: घोडी किती प्यायली ते कळत नाही. म्हणून लिदेकडे लक्ष ठेवायचं. गोळे ओले, सुटे, नेहमीएवढे असले तर ठीक. बारीक, कडक, वरून चकचकीत गोळे दिसले तर पाणी कमी पडतंय.

लीद काढण्याचं मी कधीच एकट्याने ओढत नाही. केळी बागायतदाराला शेणखत लागतंच आणि तुमच्या भागात केळीला काय तोटा. शेजारच्या शेतकऱ्याला सांगा, रोज लीद उचलून न्या, पैसे नकोत. हा व्यवहार दोन्हीकडून गरजेचा असल्यामुळे टिकतो. उपकारावर चाललेली मदत तिसऱ्या महिन्यात थकते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

हाताशी असलेल्या वस्तूंचं आता पटकन. छोटे पितळी हूक आपल्या अंगठ्याने दबत नाहीत, मोठ्या खिट्टीचे घ्या. दाराला बोटांनी ओढायची कडी नको, कोपराने सरकवता येईल असा आडणा हवा. मोहरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा पट्टा, जाड आणि मोठ्या बकलाची. खरारा पट्टीत हात घालून वापरायचा, मुठीत धरायचा नको. आणि दोर कधीही, अगदी एका क्षणासाठीही, बोटाभोवती किंवा मनगटाभोवती गुंडाळायचा नाही. निरोगी माणसाचंही बोट त्यात जातं, आपल्याला तर ते वेळेत सोडवताही येत नाही. दोर तळहातावर घडी घालून धरायचा, घोडी बिथरली तर सोडून द्यायचा. कुंपण नीट असेल तर सुटलेली घोडी सापडते.

आता घोडीच्या शिकवणीकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. आपल्याकडे घोडी हातात ठेवायची म्हणजे ताकदीने ठेवायची, अशी रीत. काट्याचा लगाम, आखूड दोर, वर ओढलेली मान. ज्याच्या हातात जोर आहे त्याचं त्यावर चालतं. ज्याचे हात सकाळी उघडत नाहीत त्याची घोडी आवाजावर आणि सवयीवर चालणारी हवी. 11 वर्षांची घोडी शिकते, नव्या शिंगरापेक्षा लवकर शिकते, कारण तिला माणूस कळतो.

सगळ्यात आधी मान खाली घ्यायला शिकवा. आजार वाढला तेव्हा माझा खांदा सकाळी वर उठायचा नाही आणि मोहरकी चढवणंच अवघड झालं होतं, तेव्हा मी हे घोडीकडून करून घेतलं. तिच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, तोंड तिच्या तोंडाच्याच दिशेला. सकाळी जमणार नाही, संध्याकाळी हात सैल असताना करायचं. उजवा तळहात दोन्ही कानांच्या मागे, माथ्यावर ठेवायचा. दाबायचं नाही, नुसतं वजन. ती आधी मान वर करेल, हात तिथेच तिच्यासोबत राहू द्यायचा. मग कधीतरी कंटाळून ती मान बोटभर खाली घेईल. त्याच क्षणी हात उचलायचा आणि ‘हां’ म्हणून तिच्या पुढ्यात चार हरभरे धरायचे. बोटभर खाली आली की हात सुटतो, हे तिला कळलं की ती वीतभर येते, मग हातभर. दर वेळी पाचच मिनिटं, जास्त नाही. हात ठेवण्याआधी रोज एकच शब्द म्हणायचा, आम्ही ‘नीच’, म्हणजे खाली, म्हणतो. काही आठवड्यांत हात ठेवायचीही गरज उरत नाही, शब्दावर नाक तुमच्या पोटाशी येतं आणि मोहरकी तुम्ही बसल्या बसल्याही चढवू शकता.

त्याच रीतीने शब्दावर पाय उचलणं, शब्दावर मागे सरकणं आणि शब्दावर थांबणं. पाय उचलण्याचं महत्त्व मोठं आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येणार, आणि वाकून चार पाय धरून ठेवणं आपल्या पाठीला-हातांना झेपत नाही. जी घोडी स्वतःहून पाय देते तिच्याकडे नालबंदही आनंदाने येतो. रस्त्याचं काम नसेल तर नाल काढून फक्त खुरं कापून घेत राहिलात तरी चालतं, पण हे नालबंदाने खूर बघून ठरवावं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल खुराच्या तळाशी कुजतो आणि घाण वास येतो, म्हणून उभं राहण्याची एक जागा मुरूम टाकून उंच, कोरडी करा.

बसण्याबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मारवाडी घोडीची रेवाल, म्हणजे न उसळणारी सपाट चाल असेल तर ती अंगाला फार हिसके देत नाही, सांध्यांना दुडकीपेक्षा कितीतरी सुसह्य. तरी बसण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडून बघून घ्या. हा आजार मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला जोड सैल करू शकतो, आणि तो बाहेरून कळेलच असं नाही. मान वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दिसतं. मान सैल असेल तर घोड्यावर बसणं बंद, त्यात दुसरा विचार नाही. दुसरं, स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर हाडं ठिसूळ होतात आणि साध्या पडण्यातही मोडतात. या दोन्हींत ठीक असाल तर दगडी ओट्यावरून चढा, हेल्मेट घाला, सोबत माणूस असू द्या. ठीक नसाल तर घोडीला चालवत नेणं हेही घोडी ठेवणंच आहे. तिला कुंपणात मोकळं सोडलं की ती स्वतः फिरते आणि तिची हालचाल तुमच्या अंगावर अवलंबून राहत नाही. कुंपण बांबूचं किंवा पाइपचं करा, काटेरी तारेचं नको. रात्री मात्र बंद निवारा हवा. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथपर्यंतचं थोडक्यात धरा: रात्रीचा चारा, नळाचं पाणी, उभी असेल तेव्हा निम्मा दाणा, मोकळं कुंपण आणि आवाजावरची घोडी. एवढं झालं की रोजचं ओझं पुष्कळ उतरतं. राहतो तो माणूस.

माणूस लागतोच. पूर्णवेळ मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) परवडणं कठीण, आणि एका घोडीला तो लागतही नाही. तुम्हाला हवा तो बदलीचा माणूस, फोन केल्यावर दोन तासांत येणारा. गावातला एखादा मुलगा किंवा बाई जिला जनावराची भीती नाही, अशी शोधा. त्याला महिन्याचे ठरावीक पैसे द्या, त्या महिन्यात बोलवावं लागलं नाही तरी द्या. लोक इथे काटकसर करतात आणि मग गरजेच्या दिवशी माणूस दुसऱ्याच्या शेतात असतो. तुम्ही पैसे देता ते त्याच्या तयार असण्याचे. आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण त्याच्याकडे द्या, तुम्ही ठणठणीत असलात तरी. घोडीला त्याचा हात ओळखीचा हवा, त्याला घोडीची रोजची लीद, रोजचं खाणं ओळखीचं हवं. तो दिवस मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवसाचा ठेवा. गोळीचा वार सोयीचा नसेल तर तो बदलता येतो का, डॉक्टरांना विचारा. नवरा रविवारी घरी असेल तर शनिवारी रात्रीची गोळी कितीतरी जणांना सोयीची पडते. गोळी आठवड्यातून एकदाच, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. चुकून रोज घेतली गेली तर ती जिवावर बेतते.

बदलीच्या माणसासाठी प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद तबेल्यात लावा. किती चारा, किती दाणा, कुठला दिवस निम्म्याचा. नालबंदाचा नंबर, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, आणि 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक. त्याखाली पोटदुखीची खूण: वळून वळून बरगडीकडे बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, बसते-उठते, लोळते, घाम येतो, लीद टाकत नाही. असं दिसलं की खाणं काढून घ्यायचं आणि आधी डॉक्टरांना फोन. घोडी शांत उभी असताना नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. 60 च्या पुढे गेली आणि उतरत नसेल तर क्षणभर थांबायचं नाही. जबड्याच्या हाडाखालून जाणारी नाडी बोटाने कशी धरायची ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या, आणि बदलीच्या माणसालाही शिकवा.

त्या कागदावर ठळक अक्षरांत हेही लिहा की नळीने तेल, तूप, काढा पाजायचा नाही. गावात पहिली धाव तिकडेच असते. घोडा ओकू शकत नाही, आणि मान वर धरून ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर पोटदुखीतून वाचलेली घोडी न्यूमोनियाने जाते.

आमवात असलेल्या घरात दुखण्याची औषधं कपाटभर असतात, म्हणून आणखी एक. आपलं डायक्लोफेनॅक घोडीला टोचायचं नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 साली बंदी आली, कारण मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं संपत होती. घोड्यालाही दुखण्याची औषधं अंदाजाने दिली की पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला धक्का बसतो. आणि उलटंही तितकंच खरं. घोडीच्या सांध्यासाठी आणलेलं औषध किंवा चोळायचा मलम स्वतःच्या गुडघ्याला लावणारे लोक मी बघितलेत. करू नका.

संसर्गाचं भान ठेवा, भीती नको. धनुर्वाताची लस घोडीला दरवर्षी आणि तुमची स्वतःचीही वेळेवर. हाताला चीर असेल तर हातमोजे. घोडीच्या अंगावर गोल, केस गेलेले चट्टे दिसले तर गजकर्ण असू शकतं, ते माणसाला लागतं. नाकातून चिकट स्राव येतो, अंगावर गाठी येऊन फुटतात, असं दिसलं तर हात लावू नका, सरकारी दवाखान्याला कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पावसाळ्यानंतर माश्या वाढल्या आणि घोडीला येऊन-जाऊन ताप, पायांना सूज, खंगणं असं दिसलं तर सऱ्यासाठी, म्हणजे माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या रोगासाठी, रक्त तपासून घ्या. कोणतीही नवी घोडी किंवा पाहुणा घोडा तुमच्या कुंडीवर पाणी पिणार नाही एवढं बघा.

आता विकण्याचं. पुढच्या गोष्टींपैकी एखादी असेल तर मी तुम्हाला ठेवा म्हणणार नाही. दोन तासांत येणारा माणूस कितीही शोधून मिळत नाही. घोडीचा चारा आणि तुमचं औषध यांत एक निवडावं लागतंय. घोडी चावते किंवा लाथ मारते आणि शिकवूनही सुधारत नाही. किंवा डॉक्टरांनी फुप्फुसामुळे धुळीला साफ मनाई केली आहे. यातलं काही नसेल तर विकण्याची घाई नको. पण मधला एक रस्ताही आहे, तो तुमच्या गोतावळ्याने सांगितलेला दिसत नाही. घोडी अर्धेलीने द्यायची. म्हणजे ज्याच्याकडे जागा आणि हात आहेत तो तिला सांभाळतो, आणि होणाऱ्या शिंगरात दोघांचा निम्मा वाटा. 11 वर्षांची मारवाडी घोडी अजून वेते, त्यामुळे घेणारा मिळतो. स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या: खर्च कोणाचा, आजारपण कोणाचं, तिला वरातीला न्यायचं की नाही, आणि तुम्ही तिला कधीही बघायला जाऊ शकता. वरातीला डीजे आणि फटाक्यांत ती उभी राहावी असं तुम्हाला वाटत नसेल तर ते शब्दांत लिहा, तोंडी ठेवू नका.

आणि विकायचीच ठरली तर सारंगखेड्याच्या गर्दीत स्वतः उभं राहून विकू नका. दत्तजयंतीला यात्रा सुरू होते, तेव्हा तापीकाठी कडाक्याची थंडी असते आणि हजारो जनावरांची धूळ. तुमच्या सांध्यांना आणि छातीला दोन्ही वाईट. यात्रेच्या आधी ओळखीतून गिऱ्हाईक घरी बोलवा, त्याचा तबेला बघून या, जुनी घोडी कशी ठेवली आहे ते बघा. वडिलांच्या घोडीला शोभेल असं घर यात्रेच्या घाईगर्दीत सापडणं कठीण.

माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आजार असताना घोडी ठेवता येते. मी ठेवतो, आणि ज्या दिवशी हात चालत नाहीत त्या दिवशीही तिच्याजवळ जाऊन उभं राहिलो की मला बरं वाटतं. पण हे तुमचे हात, तुमचं घर, तुमचा पैसा यांवर ठरेल, माझ्या मायेवर नाही.

पुढचं नीट सांगता यावं म्हणून चार गोष्टी कळवा. घोडी मागचा पाय नालबंदाला सहज देते का? तिला आजवर काट्याचा लगाम होता की साधा? घराजवळ कुंपण घालता येईल अशी किती जागा आहे? आणि वडिलांच्या वेळेस तिचं खाणं-पाणी बघणारं दुसरं कोणी होतं का, असेल तर ते आज गावात आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर आजच त्यांच्या घरी जाऊन या. घोडीला त्यांचा हात आधीच ओळखीचा आहे.